मयताला जायचा किल्ट

उनाची तार आली तेव्हा फिनली गोदीतून नुकताच घरी पोचला होता. तेलकट हात न धुताच त्याने ती उघडली. 'बाबा गेले. शनिवारी माती, ऑरसेला. तू वाजवावंस ही त्यांची इच्छा. साधा ये.'

तारेत माणूस शब्द मोजून लिहितो. तरीही उनाने शेवटचे दोन शब्द घातले होते आणि नेमके तेच फिनलीच्या डोक्यात शिरले नाहीत. त्याचा जीव 'ऑरसेला' या शब्दात अडकला होता.

उनाचा बाप टॉर्मड म्हणजे फिनलीचा गुरू. आठव्या वर्षापासून फिनली त्या म्हाताऱ्याच्या चुलीपाशी बसून बॅगपाइप शिकला होता. म्हाताऱ्याचं सगळं गणगोत ऑरसे बेटावरच्या जुन्या दफनभूमीत होतं, तेव्हा तोही तिथेच जाणार हे उघड होतं. पण ऑरसेला रस्ता नव्हता. होती ती पुळण. गावचा किनारा आणि ऑरसे यांच्या मध्ये तीन मैल वाळू. ओहोटीला ती उघडी पडायची, भरतीला दोन पुरुष पाण्याखाली जायची. मधल्या खडकांमुळे होडी घालायची सोय नव्हती. माणसं, गुरं, टपाल, वरात, मयत, सगळं ओहोटीची वेळ साधून वाळूवरूनच जायचं. फिनलीचा बाप यूअनही एकदा असाच निघाला होता. मध्येच धुकं उतरलं. तिसऱ्या दिवशी तो सापडला.

त्या वेळी फिनली बारा वर्षांचा होता. पुढे आई त्याला ग्लासगोला घेऊन गेली, पण त्याआधीची तीन वर्षं तो त्याच गावात राहिला आणि त्या तीन वर्षांत त्याने वाळूवर पाऊल टाकलं नाही. आता तो चोविशीचा झाला होता. सुट्टीला गावी आला तरी मर्डोकाकाच्या मागच्या खोलीत झोपायचा, कारण त्या खोलीच्या खिडकीतून फक्त डोंगर दिसायचा.

तार खिशात घालून तो बराच वेळ पलंगावर बसून राहिला. मग उठला आणि पलंगाखालची पत्र्याची ट्रंक ओढली. ट्रंकेत त्याच्या बँडचा पेहराव होता, पूर्ण दरबारी थाटाचा. शहामृगाच्या काळ्या पिसांची उंच टोपी. गळ्यापर्यंत आकड्यांनी बंद होणारा, चांदीच्या गोट्याचा कोट. छातीवरून आडवं घेऊन खांद्यावर मोठ्या चांदीच्या ब्रोचने अडकवायचं लोकरीचं जाड उपरणं. किल्टच्या, म्हणजे कमरेला गुंडाळायच्या चुणीदार लोकरी वस्त्राच्या, पुढे लटकवायची, घोड्याच्या पांढऱ्या केसांची गुडघ्यापर्यंत लोंबणारी पिशवी, तिला तिकडे स्पोरन म्हणतात. कमरेला कट्यार. आणि बुटांवर चढवायच्या पांढऱ्या कापडी खोळी, प्रत्येकीला आठ बटणं. गेल्या उन्हाळ्यात याच पेहरावात त्याने स्पर्धेत दुसरा नंबर काढला होता.

गुरूचा मान म्हणून हे न्यायचं, असं त्याने स्वतःला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. त्या पेहरावात तो बुडालेल्या यूअनचा पोरगा राहत नसे. त्याच्याकडे बघणाऱ्याची नजर पिसांवर आणि चांदीवर अडकायची, चेहऱ्यापर्यंत यायचीच नाही. आणि या वेळी आपला चेहरा कोणी बघू नये असं त्याला फार वाटत होतं.

शनिवारी सकाळी काकाच्या स्वयंपाकघरात पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या वाळवलेल्या मातीच्या, ढेकळांचा जाळ धुमसत होता. एफीकाकूने ओटची पेज आणि खारवलेला बांगडा समोर ठेवला. फिनलीने दोन चमचे पेज कशीबशी गिळली. मर्डोकाका दाराशी तयार होऊन उभा होता. त्याचा किल्ट पहिल्या महायुद्धातला, पलटणीने दिलेला, एका बाजूला काकूने ठिगळ लावलेलं. वर राखाडी जर्सी आणि तपकिरी जाड कोट, पुढे साधी चामड्याची छोटी पिशवी, काकूने विणलेले लोकरी मोजे आणि खिळ्यांचे बूट. कुठे चकाकणारं काही नाही. तीस वर्षं मर्डो पुळणीवरून टपाल घेऊन जात-येत होता. दोन वर्षांपूर्वी त्याने ते काम सोडलं, पण अजूनही ओहोटीची वेळ विचारायला माणसं त्याच्याकडेच येत. त्याचा डावा कान लढाईत तोफेच्या आवाजाने गेलेला होता.

मागच्या खोलीतून फिनली कोट चढवून बाहेर आला तशी काकू हातातलं फडकं खाली ठेवून त्याच्याकडे बघत राहिली.

"हे काय रे? राजाची स्वारी आहे का आज गावात?"

"बँडचा पेहराव आहे, काकू. असाच घालायचा असतो."

"बँडात घाल ना. मयत टॉर्मडचं आहे. लोकांनी पेटीकडे बघायचं की तुझ्याकडे?"

फिनलीने कोटाचा वरचा आकडा लावला. टॉर्मड म्हाताऱ्याचं या बाबतीतलं मत साऱ्या गावाला पाठ होतं. दिवसाढवळ्या चांदी घालून फिरणारा एक तर पलटणीतला, नाहीतर दुकानातला पुतळा, असं तो म्हणायचा. किल्ट नेसला की माणूस नेसला, त्यावर आणखी काही लादायची गरज नाही. तो स्वतः लग्नाला आणि मातीला एकाच कोटात जायचा, फक्त लग्नाला कोट ब्रशने झाडून घ्यायचा. काकू हे सगळं बोलायच्या बेतात होती, पण मर्डोने मान हलवून तिला गप्प केलं.

अकराला टॉर्मडच्या दारात शवपेटी गाडीवर चढली. बाया अंगणापर्यंत आल्या आणि थांबल्या. तिकडेही बाया मातीला जात नाहीत. उना घोड्याच्या मानेवर हात ठेवून थोडा वेळ उभी राहिली, मग बाजूला झाली. गाडीमागून चौदा-पंधरा पुरुष आणि पाद्री निघाले. आणि फिनली अजून मागच्या खोलीत बुटांच्या खोळींची बटणं लावत होता. उजव्या पायाची लागली. डाव्या पायाची सहा लागली, आणि मग त्याच्या लक्षात आलं की एक बटण मधलं राहिलंय. त्याने सगळी सोडली आणि पहिल्यापासून लावायला घेतली. ती लागली तर उपरण्याचा पीळ उलटा पडलेला दिसला. ते सोडलं. पुन्हा गुंडाळलं. ब्रोचची पिन बोटात घुसली. बाहेर चाकांचा आवाज दूर दूर जात होता आणि तो प्रत्येक बटणाशी मनात म्हणत होता, अजून थोडा वेळ. अजून थोडा.

मर्डो माणसांना पुढे जायला सांगून परत आला. समुद्र कोणासाठी थांबत नाही, पेटी अडवून चालणार नव्हतं. दारातून त्याने पुतण्याचे हात पाहिले. बटणावर बोट ठरत नव्हतं.

तो आत येऊन पलंगावर बसला. "आज नाही आलास तरी कोणी काही म्हणणार नाही," तो म्हणाला. "मी सांगेन, पोटात दुखत होतं."

फिनलीच्या ओठांवर 'सांगा' हा शब्द आला होता. मर्डोला तो ऐकायला मिळाला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण त्याच वेळी खिडकीबाहेरून कोणीतरी बाई दुसरीला म्हणत गेली, यूअनचा पोरगा आहे ना तो, येईल की नाही कोण जाणे. फिनलीने पिसांची टोपी उचलून डोक्यावर घातली आणि पाइप काखेत मारला.

दोघे निघाले तेव्हा बारा वाजले होते. ओहोटी तळाला होती. तासाभरात पलीकडे पोचू, मर्डो म्हणाला, भरतीचं पाणी मधल्या नाळीत, वाळूतल्या खोलगट पाटात, यायला पावणेदोन होतील. फिनली हिशोब ऐकत होता, पण त्याला आकडे कळत नव्हते. त्याला दिसत होती ती फक्त समोरची वाळू. करडी, ओली, आरशासारखी, आणि तिच्यावर गाडीच्या चाकांच्या दोन रेघा. पहिलं पाऊल टाकताना त्याने डोळे मिटले. वाळू घट्ट होती. त्याला वाटलं होतं तशी ती खाली गेली नाही.

वाटेवर दर सहा-सातशे पावलांवर दगडांची रास रचलेली होती, वाट कळावी म्हणून. पहिल्या राशीपाशी फिनलीचा श्वास जरा खाली बसला. दुसऱ्या राशीपाशी मर्डोने एका लांबच्या म्हशीएवढ्या खडकाकडे बघून सांगितलं की तिथे टपालाच्या घोडीला एकदा सील चावला होता, आणि गावात अजून कोणी त्यावर विश्वास ठेवत नाही. फिनलीला हसू आलं नाही, पण ऐकायला बरं वाटलं. ब्रोच खांद्याला टोचत होता, लांब केसांची पिशवी चालताना दोन्ही मांड्यांवर आपटत होती. मर्डोचा जुना किल्ट मात्र त्याच्या पावलाबरोबर गुडघ्यामागे सहज हलत होता.

चौथ्या राशीनंतर वारा पडला.

मर्डो थांबला. त्याने नाक वर करून हवा हुंगली आणि मागे वळून बघितलं. मागे गावची घरं नव्हती. पांढरं काहीतरी जमिनीला लागून येत होतं, घाई न करता. काही मिनिटांत ते त्यांच्यापर्यंत आलं आणि फिनलीला स्वतःचे बूट तेवढे दिसायला लागले.

"परत जाऊ," फिनली म्हणाला. "काका, परत जाऊ."

"अर्ध्यात आहोत. मागे जायला तेवढंच, पुढे जायला तेवढंच. पुढे निदान माणसं आहेत." मर्डोने त्याच्या कट्यारीचा पट्टा मुठीत धरला. "माझ्यापासून हातभर लांब जायचं नाही."

चाकांच्या रेघा धरून ते चालले. पुढे वाळूवर बोटभर पाणी साचलेलं लागलं आणि त्यात रेघा विरल्या. मर्डो खाली वाकून चालायला लागला. पाचवी रास यायला हवी होती, ती आली नाही. तो उजवीकडे वळला, पन्नास पावलं मोजली, परत आला. डावीकडे गेला. रास नाही. फिनलीच्या टोपीच्या पिसांवरून पाणी त्याच्या मानेत गळत होतं. उपरणं ओलं होऊन कोणी खांद्यावर बसल्यासारखं जड झालं होतं. त्याच्या कानात स्वतःच्या रक्ताचा आवाज चालला होता आणि त्या आवाजापलीकडे काहीच नव्हतं, ना पक्षी, ना लाट. बापालाही हेच ऐकू आलं असेल, असं त्याच्या मनात आलं, आणि मग ते मनातून जाईना. बाप किती वेळ चालला असेल. कुठे थांबला असेल. त्याने हाक मारली असेल का, आणि मारली असेल तर कोणाला.

मर्डो उकिडवा बसला. बोटभर पाण्यात त्याने हात ठेवला आणि तसाच राहिला. मग कोटाच्या खिशातून काडेपेटी काढली, एक काडी पाण्यावर टाकली. काडी क्षणभर स्थिर राहिली आणि हळूच त्यांच्या पायांकडे सरकली.

"पाणी फिरलं," तो म्हणाला.

 फिनली वाळूवर बसला, पाण्यातच, आणि त्याच्या तोंडून एक आवाज निघाला, तो त्याचा त्यालाही ओळखू आला नाही. मर्डोने त्याला काखेत हात घालून उठवलं. एक थप्पड मारेल असं फिनलीला वाटलं, पण मर्डोने मारली नाही. त्याने पुतण्याचं तोंड आपल्या उजव्या कानाशी ओढलं आणि काय ते बोल म्हणाला.

"मी मुद्दाम उशीर केला," फिनली म्हणाला. "बटणं लागत नव्हती असं नाही. मला यायचं नव्हतं. माझ्यामुळे तुम्ही इथे अडकलात."

"माहीत आहे. दारात उभा होतो की मी."

"मग आणलंत कशाला?"

"आणलं कुठे? तू आलास." मर्डो त्याच्याकडे बघत नव्हता, पाण्याकडे बघत होता. "हे बघ. मी तीस वर्षं आलो-गेलो. एक दिवस असा नाही की पोटात गोळा आला नाही. तुझ्या काकूला कधी सांगितलं नाही, तूही सांगू नकोस. आता ऐक. पलीकडे पंधरा माणसं आहेत. ती आपली वाट बघताहेत. तू वाजव. त्यांना कळेल आपण कुठे आहोत. ती आवाज देतील. पण मला एकच कान आहे, आवाज कुठल्या बाजूने येतो ते मला कळत नाही. ते तू सांगायचं. पायाखालचं मी बघतो."

फिनलीने पाइपची पिशवी काखेत घेतली, नळी तोंडात धरली. फुंक आत जाईना. तोंडाला कोरड पडली होती, छाती वर यायची आणि कोटाच्या आकड्यांशी अडायची. उपरण्याचा ओला पट्टा फासासारखा आवळला होता. दोनदा त्याने प्रयत्न केला. पाइपमधून कण्हल्यासारखं काहीतरी आलं आणि थांबलं.

"काढ ते," मर्डो म्हणाला.

"बँडचं आहे."

"काढ म्हणतो ना."

ब्रोच निघेना, तेव्हा मर्डोने आपल्या चाकूने उपरणंच कापलं. ओलं लोकरी ओझं वाळूवर थपकन पडलं. कोटाचे आकडे फिनलीने स्वतःच उपटले, दोन तुटले. टोपी कधी पडली ते त्याला कळलंही नाही. थंड हवा गळ्यावर लागली आणि कितीतरी वेळाने त्याला पुरता श्वास घेता आला. मग त्याने पिशवी भरली.

काय वाजवलं ते त्याला नंतर आठवत नव्हतं. मातीसाठी टॉर्मडनेच बांधलेली संथ चाल त्याने तयार करून आणली होती, पण हातांनी वाजवलं ते दुसरंच. शिकणाऱ्या पोरांना म्हातारा पहिल्या वर्षी जे धडे घोटायला लावायचा, वर-खाली, वर-खाली, ते. बोटं सुटत होती, सूर फाटत होते. थोडं वाजवून तो थांबला. दोघे ऐकत उभे राहिले. काही नाही. पुन्हा वाजवलं. पुन्हा काही नाही. पाणी आता घोट्याला लागलं होतं आणि ते थंडगार पाणी एका दिशेने निश्चित चाललेलं कळत होतं.

तिसऱ्यांदा थांबला तेव्हा त्याला ऐकू आलं. रिकाम्या पिंपावर कोणीतरी लाकूड बडवत होतं. धब्ब, धब्ब.

"तिकडे," फिनलीने हात केला. मग आवाज जणू दुसरीकडून आला. धुक्यात आवाज फसवतो हे तो लहानपणापासून ऐकत आला होता. त्याने डोळे मिटले. "नाही. थांबा. तिकडे. जरा डावीकडे."

"नक्की?"

नक्की म्हणायची त्याची छाती होत नव्हती. बरोबर असलं तर जगणार, चूक असलं तर दोघेही समुद्राकडे चालत जाणार. बाप असाच एखाद्या आवाजामागे गेला असेल. तो पुन्हा वाजवू लागला, थांबला, मान एकदा इकडे, एकदा तिकडे फिरवून ऐकलं. "नक्की," तो म्हणाला.

ते त्या बाजूला निघाले. मर्डो पुढे, काठीने वाळू टोचत. एका ठिकाणी काठी हातभर आत गेली तेव्हा तो वळसा घालून गेला. मग नाळ लागली. उतार कळला, आणि पाणी गुडघ्यावर आलं, मग मांडीवर. ओढ इतकी होती की पायाखालची वाळू निसटत होती. मर्डोने किल्ट कमरेपर्यंत उचलून पट्ट्यात खोचला आणि मागे न बघता फिनलीला तसंच करायला सांगितलं. फिनलीने पाइप डोक्यावर धरला होता, एक हात मर्डोच्या कोटात. त्याच्या पुढची लांब केसांची पिशवी पाणी पिऊन प्रवाहात पसरली आणि त्याला बाजूला खेचायला लागली, जणू कोणी कमरेला धरून ओढतंय. तो ओरडला. मर्डो मागे फिरला, पाण्याखाली हात घालून त्याने साखळी चाचपली आणि कडी सोडवली, तिच्याबरोबर कट्यारही सुटून गेली. पांढरा पुंजका पाण्यावर जाताना फिनलीने पाहिला. धुक्यात तो दिसेनासा झाला तसं त्याला वाटलं की आता आपलीही पाळी. तो रडत होता, आणि तरी पाय एकापुढे एक पडत होते, कारण मर्डोचा कोट पुढे जात होता.

"आवाज कुठे?" मर्डोने विचारलं.

"समोर."

"मग झालं. समोर चल."

पाणी मांडीवरून गुडघ्यावर आलं. मग पिंढरीवर. मग पायाखाली गवत लागलं. फिनलीने ते हाताने चाचपून पाहिलं, त्याचा विश्वास बसेना. धुक्यातून माणसं पुढे आली. गावचा सुतार कॅलम सगळ्यांत पुढे होता. त्याने फिनलीच्या खांद्यांना धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

पिंप बडवत होती ती पेगी, ऑरसेवरच्या एकुलत्या एका घरची म्हातारी. खांदा दुखेपर्यंत तिने बडवलं होतं आणि माणसं पुढे आली तरी ती थांबली नव्हती, कोणीतरी जाऊन तिला सांगावं लागलं. तिने फिनलीला घरात नेलं, फाटका कोट काढून घेतला, बुटांवरच्या चिखलाने भरलेल्या खोळी सुरीने सरळ कापून टाकल्या. बटणांचा विचार तिने केला नाही. नवऱ्याचे जाड मोजे दिले आणि एक काळपट जर्सी, कोपराला विरलेली. किल्ट ओलाच होता, तो तिने दोन्ही हातांनी पिळून दिला. लोकर आहे, ती म्हणाली, अंगावरच वाळेल.

पेटी अजून खड्ड्याशेजारी होती. पाद्र्याने प्रार्थना उरकून घेतली होती, पण माती लोटायचं सगळ्यांनी थांबवून ठेवलं होतं. फिनली त्या माणसांच्या रांगेत उभा राहिला. ओला किल्ट, उसनी जर्सी, कमरेला ना कट्यार ना पिशवी. बाजूच्या माणसापेक्षा त्याच्या अंगावर वेगळं असं काही नव्हतं. सगळ्यांना त्याचा चेहरा दिसत होता. तो रडून सुजलेला होता हेही दिसत असेल, पण लपवायला आता काही उरलं नव्हतं.

त्याने टॉर्मडची चाल वाजवली. नळ्या ओलाव्याने बेसूर झाल्या होत्या. पहिला भाग कसाबसा गेला, दुसऱ्यात तो एकदा चुकला, आणि शेवटचा भाग त्याने सोडूनच दिला, कारण श्वास पुरत नव्हता. वाजवणं थांबलं तेव्हा कोणी मान वर केली नाही. मग कॅलमने पहिलं फावडं उचललं.

समुद्र भरला होता, तेव्हा परत जायचा प्रश्न नव्हता. सगळेच पेगीच्या घरात आणि गोठ्यात राहिले. तिने बटाटे उकडले, कोणीतरी बाटली काढली, टॉर्मडच्या गोष्टी निघाल्या. म्हाताऱ्याने एकदा एका लॉर्डाला दाराबाहेर उभं करून त्याच्या चांदीच्या बटणांवरून सुनावलं होतं, ती गोष्ट तीन जणांनी तीन तऱ्हेने सांगितली. सांगताना एकेकाची नजर फिनलीकडे जाऊन परत येत होती, पण त्याच्या उपरण्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. फिनली भिंतीला टेकून ऐकत होता. मधेच त्याला पाण्याची ओढ पुन्हा मांडीवर जाणवायची आणि तो दचकून हातातला पेला घट्ट धरायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी आभाळ निवळलं होतं. तीन मैल वाळू या टोकापासून त्या टोकापर्यंत उघडी पडली होती, दगडांच्या सगळ्या राशी मोजता येत होत्या. काल दोघांची वाट पाचव्या राशीच्या किती जवळून चुकली होती तेही दिसलं. फार तर चाळीस पावलं. माणसं निघाली. फिनली किनाऱ्यावर तसाच उभा राहिला. त्याचं पाऊल उचलेना. गाडी थांबली, मर्डोने हातानेच इतरांना पुढे व्हायला सांगितलं आणि त्याच्यापाशी येऊन थांबला. घाई केली नाही.

"बाबा कुठे सापडले?" फिनलीने विचारलं. बारा वर्षांत त्याने हे कोणाला विचारलं नव्हतं.

मर्डोने काठी लांब करून दाखवली. आठव्या राशीच्या पलीकडे एक काळा, बुटका खडक होता. "मलाच सापडला. वाट सोडून जरा आत आहे. जायचं?"

फिनलीला नाही म्हणायचं होतं. तो हो म्हणाला.

खडकापाशी बघण्यासारखं काही नव्हतं. शिंपले होते, शेवाळ होतं, एका खळग्यात समुद्राचं थोडं पाणी राहिलं होतं. मर्डोने टोपी काढली. थोड्या वेळाने तो म्हणाला की यूअन खडकावर चढून बसला होता, घोड्याचा लगाम हाताला गुंडाळलेला होता. घोडा सोडून दिला असता तर कदाचित वाचला असता. फिनलीने विचारलं, घोडा कोणाचा होता. आपलाच, मर्डो म्हणाला. मग दोघे गावाकडे निघाले, आणि वाटेत फिनलीने काकाच्या कोटाची बाही धरून ठेवली होती. 

ग्लासगोला परत गेल्यावर त्याने बँडच्या प्रमुखाला सगळं सांगितलं, उपरणं, टोपी, कट्यार, सगळं कुठे गेलं ते. प्रमुख हा लढाईतून आलेला खडूस माणूस. पाइप वाचला का एवढंच त्याने विचारलं, आणि वाचला म्हटल्यावर दुसरा विषय काढला. पुढे फिनलीला मातीला वाजवायची बोलावणी येत राहिली. तो चामड्याची छोटी पिशवी, जाड मोजे आणि गडद कोट घालून जायचा, वेळेच्या अर्धा तास आधी.

सहा वर्षांनी पुळणीवरून दगडी रस्ता झाला. आता ऑरसेला मोटार जाते, भरती असो की ओहोटी. फिनली दर मार्चमध्ये गावी येतो, एफीकाकूकडे उतरतो, आणि एक दिवस टॉर्मडच्या थडग्यावर जाऊन येतो. रस्ता लागला की तो काचा वर करतो, दोन्ही हातांनी चाक धरतो, डाव्या-उजव्या वाळूकडे बघत नाही, आणि पलीकडचं गवत दिसेपर्यंत बायकोशी एक शब्द बोलत नाही. तिला कारण माहीत आहे. तीही बोलत नाही.